आकाशाचे अवकाळी रंग

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत संध्येच्या रंगांवर एक आणि दिग्दाहावर एक असे स्वतंत्र अध्याय आहेत. दिशा पेटल्यासारख्या दिसल्या कीं तो दिग्दाह. त्याच्या रंगावरून राजास व देशास कोणतें फळ भोगावें लागेल तें तेथें सांगितलें आहे. अशा आकाशाकडे पाहून घरांतील वडील मंडळी अस्वस्थ होतात व कॉलेजांतील मुलें त्यांस हंसतात. आम्हांस कोणाचीच बाजू पुरती पटत नाहीं.

आधीं नेहमींच्या निळ्या आकाशाचें पाहूं. पुढें लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं असें दाखविलें कीं, प्रकाशाची लहर जितकी आंखूड, तितकी ती हवेंत अधिक विखुरते. निळी लहर तांबडीच्या मानानें सुमारे सहापट विखुरते; म्हणून चहूंकडून निळाच प्रकाश डोळ्यांत येतो. सायंकाळीं किरणांस हवेचा लांब थर तिरपा ओलांडावा लागतो, त्यांत निळा अंश वाटेंतच गळतो व तांबडा उरतो. मात्र या नियमास एक अट आहे: विखुरणारे कण लहरीहून पुष्कळच बारीक हवेत. ही अट मोडली कीं आकाशाचे अवकाळी रंग सुरू होतात.

जावा व सुमात्रा यांमधील क्राकाटोआ ज्वालामुखीचा २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजीं स्फोट झाला. सरकारी गणनेप्रमाणें छत्तीस हजारांहून अधिक माणसें दगावलीं, तीं बहुतेक समुद्राच्या लाटांनीं. सप्टेंबरांत सिलोन व मद्रासकडील लोकांस सूर्य चक्क हिरवा दिसला! नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेंतील पोकिप्सी गांवीं मावळतीचा लाल उजेड पाहून आग लागली असें समजून बंब धांवले. लंडनमध्यें थेम्सच्या कांठीं विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकारानें अशा संध्याकाळांचीं पांचशेंहून अधिक रंगचित्रें काढलीं. मेघांच्याहि वर पसरलेली बारीक राख व गंधकाच्या वायूपासून बनलेले आम्लाचे थेंब सूर्य बुडाल्यावरहि उजेड झेलीत होते, त्याचा हा प्रताप.

हिरवा किंवा निळा सूर्य ही गोष्ट त्याहून विरळा. कण तांबड्या लहरीहून किंचित मोठे आणि जवळजवळ एकाच मापाचे असले, तर तांबडा प्रकाशच अधिक विखुरतो व निळा सरळ येतो. सप्टेंबर १९५० मध्यें कॅनडांतील वणव्यांचा धूर स्कॉटलंडवर आला, तेव्हां तेथील सूर्य निळा झाला. एडिंबरो येथें त्या प्रकाशाचें पृथक्करण झालें, तेव्हां कण मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे निघाले. धुरांत निरनिराळ्या मापांचे कण नेहमीं मिसळलेले असतात, म्हणूनच हा योग क्वचित् येतो.

सुमात्रांतील मुआरो जांबी भागांत २१ सप्टेंबर २०१९ रोजीं भरदुपारीं आकाश रक्तासारखें लाल झालें. येथें धूर इतका दाट होता कीं निळा प्रकाश खालीं पोंचेना. हें दृश्य अनिष्ट आहे असें तेथील एखाद्या आजीबाईंनीं म्हटलें असतें, तर आम्ही हंसलों नसतों. लोकांचे डोळे चुरचुरत होते, घसे दुखत होते. आणि तो धूर त्यांच्याच बेटावरील जंगलें व कुजलेल्या पालापाचोळ्याची दलदलीची जमीन जळून निघालेला होता.