दोन जागांचे फोन आणि पासवर्डचे कुलूप

मालेगावात यंत्रमाग आणि मुंबईत पेढी, असा कारभार आपल्या अनेक कापड व्यापारी बांधवांचा आहे. दोन्ही जागी संगणकावर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज बसवून ती इंटरनेटने जोडता येतात. ॲस्टेरिस्क हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर १९९९ साली निघाले, ते मोफत मिळते. मालेगावचे नंबर २०१, २०२ आणि मुंबईचे ३०१, ३०२ ठेवले की कारखान्यातून ३०१ दाबताच पेढीवर घंटी वाजते.

बसवणारा “पासवर्ड टाकलाय” म्हणून निघून जातो. कोणता, ते विचारावे. कारण पासवर्ड दोन जातींचे असतात.

पहिला यंत्रांचा. दोन एक्स्चेंजमधला आणि प्रत्येक फोनचा पासवर्ड लांबलचक असावा. २०१ चा पासवर्ड २०१ असेल तर कुलूप नसल्यातच जमा. चोरांची यंत्रे रात्रंदिवस असे पासवर्ड शोधत असतात. सापडला की परदेशातील महागड्या नंबरांवर फोन सुरू होतात, बिल मालकाच्या नावावर. मालेगावला जुम्म्याची सुट्टी, मुंबईच्या बाजाराला रविवारची, बघणार कोण?

दुसरा माणसांचा, म्हणजे पिन. तो फक्त बाहेरच्या फोनला लावावा. आपसातल्या फोनलाही लावला तर चार दिवसांत तो भिंतीवर खडूने लिहिलेला दिसेल! प्रत्येकाला वेगळा पिन द्यावा आणि तो कॉलच्या नोंदीत उतरेल अशी सोय करून घ्यावी. सर्वांना एकच पिन असला की पैसा गेल्यावर बेकसूर नोकरावर इल्जाम येतो. आमच्या मते हे नुकसान बिलापेक्षा मोठे.

आता खरी मेख. एक्स्चेंजची मांडणी अनेकदा अशी असते की फोनचे मार्ग वरून खाली वाचले जातात आणि जुळेल तो पहिला मार्ग घेतला जातो. बिनपिनाचा ढिला मार्ग वर राहिला तर खालचा पिन कधीच विचारला जात नाही. शिवाय मालेगावचा पिन मुंबईच्या लाईनची राखण करत नाही. मालेगावहून आलेला फोन मुंबईचे यंत्र घरचाच समजून बाहेर सोडू शकते. म्हणून मालेगावच्या फोनने मुंबईत फक्त ३०० चे नंबर वाजावेत, पुढे जाऊ नये, असे बांधून घ्यावे. इंटरनेटवरून आलेला फोन दुसऱ्या शहरातील टेलिफोन लाईनवर सोडण्यावर कायद्याची बंधनेही आहेत. तशी गरज असेल तर आधी परवानाधारक टेलिफोन कंपनीकडून लेखी घ्यावे.

पैसे चुकते करण्याआधी मालेगावहून मुंबईच्या लाईनवरून मोबाईल लावून पाहावा. लागला, तर बसवणाऱ्याला परत बसवावे.