चुलीचा तास

कर्वेनगरात बसमधून उतरलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला हिंगणं कुठे असं विचारलं, तर ती बहुधा नदीपलीकडे, सिंहगड रस्त्याकडे बोट दाखवील. तिकडचं ते हिंगणे खुर्द. ती स्वतः उभी असते हिंगणे बुद्रुकात. धोंडो केशव कर्व्यांचं नाव या भागाला मिळालं आणि गावाचं नाव मागे पडलं. कमिन्स कॉलेजच्या दिशेने चालत गेलं की महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं आवार लागतं. तिथे एक झोपडी अजून जपून ठेवली आहे.

झोपडीची कथा मराठी माणसाला पाठ असते. 1896 साली पुण्याच्या सदाशिव पेठेत कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, प्लेगने पेठेतून हुसकावलं आणि 1900 साली रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. फर्ग्युसन कॉलेजातले तास संपवून कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, चिखल तुडवत, कधी आश्रमाचं सामान सोबत घेऊन हिंगण्याला चालत जात. पुढे 1958 साली भारतरत्न, आणि त्याच वर्षी टपालाचं तिकीट. हयात भारतीयाचं चित्र भारताच्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. हे सगळं वाचलेलं असतं. त्या आवारात मुलींना शिकवत काय होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गंमत तिथेच आहे, आणि भांडणंही.

पहिलं भांडण हिंगण्याच्या आधीचं. 1884 साली हुजूरपागेची शाळा निघाली. मुली इंग्रजी आणि गणित शिकणार, अकरा ते पाच वर्गात बसणार, यावर टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने चांगलंच तोंडसुख घेतलं. मुलींना घरची कामं असतात, त्यांना दिवसाचे दोन-तीन तास पुरेत, भाषा मराठी असावी आणि विषय संसाराला उपयोगी पडतील असे असावेत, असा एकूण सूर. सुधारकांच्या दृष्टीने ही शुद्ध अडवणूक होती.

1891 साली फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला कर्वे आले, ते टिळकांनी सोडलेल्या जागेवर. पंचवीस वर्षांनी याच गणिताच्या प्राध्यापकाने महिला विद्यापीठाचा आराखडा मांडला: शिक्षण मातृभाषेतून आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून बेतलेला, म्हणून त्यात गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र. टिळकपक्षाची मागणी सुधारकाच्या हातून पुरी झाली की काय, असं वाटण्याजोगी ही जुळणी आहे. बायकांसाठी वेगळं म्हणजे दुय्यम, अशी टीका झालीच. कर्व्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. इंग्रजी सक्तीचं. इंग्रजी ऐच्छिक असावं असं खुद्द गांधींचं मत होतं, तरी अण्णा बधले नाहीत. 1916 साली पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठ सुरू झालं. पदव्यांची नावं फार देखणी होती: पदवीला गृहीतागमा, त्यावरच्या परीक्षेला प्रदेयागमा. ज्ञान घेतलेली आणि ज्ञान द्यायला योग्य झालेली. सरकारदरबारी या संस्कृत शब्दांना किंमत यायला 1949 चा कायदा उजाडावा लागला.

पण गृहशास्त्र नेमकं कुणासाठी? आश्रमात पहिल्यांदा आल्या त्या बालविधवा. सोवळं नेसून दिराच्या नाहीतर भावाच्या घरी पहाटेपासून चुलीशी बसणं हेच ज्यांचं आयुष्य, त्यांना भात कसा शिजवावा हे कुणी शिकवायचं? त्यांना हवी होती अक्षरं, आणि त्या अक्षरांतून चार पैसे. मास्तरीण होणं, परिचारिका होणं, सुईणपण शिकणं. कर्व्यांच्या पत्नी बाया यांनी स्वतः नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं होतं. हे खरं व्यवसायशिक्षण. 1907 साली महिला विद्यालय निघालं ते कुमारिकांसाठी. त्यांचं लग्न चार वर्षं पुढे ढकलावं हा हेतू. तिथे संसाराचा विषय पालकांना पटवायला सोपा होता. म्हणजे विधवेसाठी घराबाहेरचं काम आणि कुमारिकेसाठी घरातलं, अशी दोन शिक्षणं एकाच माळावर नांदत होती. या फरकाकडे कर्व्यांचे चरित्रकार जरा झपझप चालत पुढे जातात असं वाटतं.

दुसरं भांडण थेट घरातलं. बाया स्वतः विधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. 1893 साली कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरूड गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं. आश्रमावर पुनर्विवाहाचा शिक्का बसला तर कुणी आपली लेक पाठवणार नाही, म्हणून कर्व्यांनी आश्रमाचं आणि पुनर्विवाहाचं काम कटाक्षाने वेगळं ठेवलं. त्याची किंमत बायांनी मोजली. नवऱ्याच्या आश्रमात पुनर्विवाहित बायकोला मोकळेपणाने वावरता येईना. आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही अण्णांनी आश्रमाला देऊन टाकली. ‘माझे पुराण’मध्ये बायांनी हा सल लपवलेला नाही, आणि त्यांचं खोटं होतं असं कुणाला म्हणता येणार नाही.

ज्या आश्रमात बाया परक्या होत्या, तिथला कारभार त्यांच्याच धाकट्या बहिणीच्या हाती आला. पार्वतीबाई आठवले. जन्म 1870, देवरूखचा. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. अक्षरओळख विशी उलटल्यावरची. पुनर्विवाह त्यांनी केला नाही आणि केशवपनही बरीच वर्षं सोडलं नाही. त्यामुळे सनातनी घरांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडत. लाल अलवणातली ही बाई गावोगाव हिंडून आश्रमासाठी पैसे मागे. वर्गणी मागायला जाणाऱ्याचं दिसणं हेच त्याचं प्रमाणपत्र, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

इंग्रजीने मात्र त्यांना दाद दिली नाही. मग 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी शिकायचं आणि जमलं तर संस्थेसाठी मदत मिळवायची. खर्चाची सोय? लोकांच्या घरी काम करायचं. हिंगण्याच्या आश्रमाची प्रमुख बाई परक्यांच्या घरी भांडी घासू लागली, खोल्या झाडू लागली. इथे विधवेकडून जे काम घरचं म्हणून फुकट करून घेतलं जाई, त्यालाच तिथे डॉलर मिळत आणि कुणी नाक मुरडत नसे.

त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडत होती. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या व्यवसायशिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला होता: मुलांना शेती आणि कारखान्याचे धडे, मुलींना गृहशास्त्र. पुढे अमेरिकी हायस्कुलांत मुलगे लाकूड तासायच्या वर्गात आणि मुली शिवणाच्या, ही वाटणी पक्की झाली ती या पायावर. पार्वतीबाई ज्या बायकांची भांडी घासत होत्या, त्यांच्या मुलींना शाळेत तेच काम शास्त्र म्हणून शिकवलं जाणार होतं.

1920 साली त्या परतल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ 1928 साली आली. दोनच वर्षांत जस्टिन अ‍ॅबट यांनी ती इंग्रजीत नेली. हे तेच अ‍ॅबट, मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत आणणारे. पण ज्याला या बाईत आजची बंडखोर शोधायची असेल, तो पुस्तक वाचून हिरमुसेल. एवढं जग बघून आलेल्या पार्वतीबाई बहुतेक बायकांनी घरसंसारच उत्तम करावा, शिक्षणही त्या बेताचं असावं, असं मानत. स्वतः मात्र घर सोडून सातासमुद्रापार गेलेल्या! विसंगती त्यांना दिसत नव्हती असं नाही; आपण अपवाद आहोत, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मधली वर्षं लवकर सांगून टाकावीत. 1936 साली विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं. हिंगण्यात राहिल्या शाळा आणि वसतिगृहं. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत सात शाखा सुचवल्या. तंत्रशिक्षण, शेती, वाणिज्य यांच्याबरोबर सातवी होती गृहविज्ञान. आयोगावर केनेथ रास्ट विल्यम्स हे अमेरिकी सदस्य होते, आणि हंसा मेहताही. हंसाबेन त्याआधी कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू होऊन गेल्या होत्या. अशा अनेक शाखांच्या बहुउद्देशीय शाळांची कल्पना अमेरिकेतून आली असं सरसकट म्हटलं जातं. गृहविज्ञानापुरतं तरी हिंगण्याला ते नवं नव्हतं.

1991 साली याच आवारात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये मुली पोलादाचा तुकडा शेगड्यात आवळतात आणि कानस चालवतात. हात भरून येतात, नखांत काळं जातं.

आणि एक प्रथा शंभर वर्षांच्या घरातली: भाऊबीज निधी. 1920 च्या सुमारास सुरू झालेली. भावाने बहिणीला घालायची ओवाळणी संस्थेतल्या न पाहिलेल्या बहिणींनाही घालावी, एवढीच कल्पना. दिवाळीच्या आसपास स्वयंसेवक पावतीपुस्तकं घेऊन घरोघर जातात. दारात उभं राहून मागायचं, मिळेल ती रक्कम लिहायची, पावती फाडून हातात द्यायची. पार्वतीबाई हेच करत, फक्त गावं लांबची असत आणि जायचं पायी किंवा बैलगाडीने.