मालमोटार व ट्रेलर यांचे पावसाळी टायर

मालमोटार व ट्रेलर यांचे पावसाळी टायर : ओल्या, चिखलमय अथवा हिमाच्छादित रस्त्यावर अवजड वाहनाची पकड टिकून राहावी यासाठी वापरण्यात येणारे टायर. त्यांची निवड ऋतुमान, रस्त्याचा पृष्ठभाग, वाहनावरील भार आणि टायर ज्या आसावर बसवावयाचा तो आस या चार गोष्टींवर अवलंबून असते. उत्तर यूरोप, कॅनडा यांसारख्या थंड प्रदेशांत हा प्रश्न मुख्यतः हिवाळी टायरचा असतो. नवी मुंबई व कोकणपट्टी येथे हिम पडत नाही. तेथे जून ते सप्टेंबर या काळातील पावसामुळे तोच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उद्‌भवतो. दोन्ही ठिकाणी टायर व रस्ता यांच्यामध्ये येणारा परका थर हेच पकड जाण्याचे मूळ कारण होय.

स्थानिक परिस्थिती : न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून उरण, पनवेल व नवी मुंबई या भागांत कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर वाढली. बंदरापासून पळस्पे फाट्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३४८, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने ही या वाहतुकीची प्रमुख ठिकाणे आहेत. कळंबोली येथून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग (लांबी सुमारे ९४·५ किमी.) बोरघाट चढून दख्खनच्या पठारावर जातो.

या प्रदेशात वर्षाला २,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी चार महिन्यांतच पडतो. बंदराजवळचा बराचसा भाग खाजण व मिठागरे यांवर भराव घालून तयार केलेला आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाल्यास पाण्याचा निचरा मंदावतो व सखल रस्त्यांवर पाणी साचते. घाटात पाणी साचून राहत नाही. तथापि तेथे उतार, वळणे आणि पृष्ठभागावरून वाहणारा पाण्याचा पातळ थर ही एकत्र येतात. एकच ट्रेलर एका फेरीत या दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवरून जात असल्याने टायरची निवड त्या दोहोंचा विचार करून करावी लागते.

पकडीचे तत्त्व : कोरड्या रस्त्यावर टायरचे रबर पृष्ठभागावरील बारीक खडबडीतपणात दाबले जाते व त्यामुळे घर्षण निर्माण होते. रस्ता ओला असताना मधले पाणी बाजूला सारल्याशिवाय रबर रस्त्याला टेकत नाही. हे पाणी वाहून नेण्याचे काम टायरवरील खाचा करतात. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल, धूळ व झिजलेले रबर पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. म्हणून जूनच्या आरंभीचे थोडेसे पाणीही धोक्याचे असते.

पाण्याचा थर जाड व वेग अधिक असेल, तर टायरपुढे साठलेल्या पाण्याचा दाब टायरला उचलून धरतो व त्याचा रस्त्याशी संबंध तुटतो. या घटनेस हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अमेरिकेतील नासा या संस्थेत विमानांच्या टायरविषयी १९६० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांवरून वॉल्टर हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी या वेगाचे एक सूत्र मांडले. टायरमधील हवेचा दाब किलोपास्कालमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळास ६·३५ ने गुणले असता हा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. पाण्याची खोली खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असताना हे सूत्र लागू पडते. त्यानुसार २०७ किलोपास्काल (३० पौंड प्रतिचौरस इंच) दाबाच्या लहान मोटारीच्या टायरला हा वेग ताशी सुमारे ९१ किमी. येतो, तर ६९० किलोपास्काल (१०० पौंड प्रतिचौरस इंच) दाबाच्या मालमोटारीच्या टायरला तो ताशी सुमारे १६७ किमी. येतो.

या आकड्यांवरून अवजड वाहनास हा धोका नाही असा समज होतो. परंतु तो भरलेल्या वाहनापुरताच खरा आहे. वरील सूत्रात भाराचा अंतर्भाव नाही. वाहन रिकामे असताना टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लांबीने आखूड होतो, मात्र त्याची रुंदी फारशी घटत नाही. अशा आखूड व रुंद भागाखालून पाणी बाहेर पडण्यास अडचण होते आणि टायर बऱ्याच कमी वेगाला उचलला जातो. चाळीस फुटी रिकाम्या कंटेनरचे वजन सुमारे ३·८ टन असते. भरलेला कंटेनर याच्या सात-आठ पट जड असू शकतो. बंदर व द्रोणागिरी परिसरातील रिकाम्या कंटेनरांची आवारे यांच्या दरम्यान अशा हलक्या फेऱ्या सतत चालतात. भार नसल्याने टायर झिजलेले असले तरी चालतील, अशा समजुतीने त्या केल्या जातात तेव्हा हा धोका वाढतो.

नक्षीचे प्रकार : टायरच्या नक्षीचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. (१) घेराच्या दिशेने सलग खाचा असलेली पट्टीदार नक्षी : हिच्यातून पाणी लवकर वाहून जाते, टायर सरळ धावतो व कमी तापतो. (२) आडव्या खोल खाचांची गट्टूदार नक्षी : हिची ओढण्याची क्षमता अधिक असते, चिखल, खाणी व बांधकामाची ठिकाणे यांसाठी ती उपयुक्त आहे. सपाट सिमेंट काँक्रीटच्या ओल्या रस्त्यावर मात्र तिच्यातून पाणी तितक्या सहजतेने जात नाही. (३) मध्ये पट्ट्या व कडेला गट्टू असलेली मिश्र नक्षी : दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांसाठी ही वापरतात. नव्या टायरच्या खाचांची खोली प्रकारानुसार सुमारे १४ ते २० मिमी. असते. टायर झिजू लागला की पाणी सामावून घेणारी जागा त्याच प्रमाणात कमी होते; त्यामुळे कोरड्या रस्त्यावर चांगला वाटणारा अर्धा झिजलेला टायर पावसात अपुरा पडू शकतो.

आसानुसार निवड : ट्रेलर व त्याला ओढणारे पुढील वाहन (चालकांच्या भाषेत ‘घोडा’) ही फिरत्या सांध्याने जोडलेली असतात. त्यामुळे कोणत्या आसाची पकड प्रथम जाते त्यावर अपघाताचे स्वरूप ठरते. सुकाणूच्या म्हणजे पुढील आसाची पकड गेल्यास चाके वळवूनही वाहन सरळच जात राहते. ओढणाऱ्या आसाची पकड गेल्यास मागून येणारा ट्रेलर घोड्याला ढकलतो व दोन्ही भाग सांध्याशी चाकूप्रमाणे मिटतात. ट्रेलरच्या आसांची पकड गेल्यास ट्रेलरची शेपटी बाजूला फिरते व शेजारच्या मार्गिकेतील वाहने झाडून काढते.

पुढील आसावर नवे, पट्टीदार नक्षीचे व दोन्ही बाजूंना एकाच बनावटीचे टायर वापरावेत. ओढणाऱ्या आसावर खोल खाचांची मिश्र अथवा गट्टूदार नक्षी योग्य ठरते. ट्रेलरच्या आसांवर पट्टीदार नक्षी वापरतात, कारण ती चाके वाहन ओढत नाहीत. त्यांना फक्त सरळ धावावयाचे व थांबावयाचे असते.

निवडीतील सर्वांत सामान्य चूक ट्रेलरच्याच बाबतीत होते. इंधनाच्या खालोखाल टायर ही मालवाहतुकीतील मोठ्या खर्चाची बाब असल्याने नवा टायर पुढे लावणे, तो झिजल्यावर ओढणाऱ्या आसावर नेणे व शेवटी ट्रेलरवर संपविणे असा क्रम अनेक ठिकाणी पाळला जातो. कोरड्या ऋतूत हा क्रम काटकसरीचा असतो. पावसात मात्र ज्या टायरांवर भरलेल्या वाहनाचा निम्मा वा त्याहून अधिक भार असतो आणि घाट उतरताना ज्यांनी मागून वाहन आवरून धरावयाचे असते, तेच टायर गुळगुळीत असतात. शेपटी फिरू लागल्याचे चालकाला आरशातच दिसते व तोवर ती सावरण्यास फारसा अवधी उरत नाही. चाके रोखली जाऊ नयेत म्हणून बसविलेली ब्रेकयोजनाही टायरमध्ये असलेली पकडच वापरू शकते. नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात ट्रेलरच्या टायरांना निदान ओढणाऱ्या आसाइतकीच खाचांची खोली असावी, असा दंडक पाळणे हितावह ठरते. एंजिनाचा ब्रेक फक्त ओढणाऱ्या आसावर काम करतो. निसरड्या उतारावर रिकामे वाहन असताना तो अकस्मात वापरल्यास त्याच आसाची पकड सुटू शकते.

भार व दाब : जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसभाराची मर्यादा वाढविली. चार टायर असलेल्या एकेरी आसाची मर्यादा १०·२ टनांवरून ११·५ टन झाली. म्हणजे प्रत्येक टायरवर २,८७५ किग्रॅ. भार येऊ शकतो. टायरच्या बाजूवर भार-निर्देशांक छापलेला असतो व त्यातील दुसरा आकडा जोडीने बसविलेल्या टायरसाठी असतो. निर्देशांक १४३ म्हणजे २,७२५ किग्रॅ. व १४६ म्हणजे ३,००० किग्रॅ. होय. यावरून ‘१४६/१४३’ असा टायर जोडीने वापरून पूर्ण मर्यादेपर्यंत भार घालणे योग्य नाही. ‘१४९/१४६’ असा टायर निवडावा लागतो.

जोडीतील दोन टायरांच्या व्यासांत सुमारे १२ मिमी.पेक्षा अधिक फरक असू नये. फरक असल्यास मोठा टायर जास्त भार घेऊन तापतो व लहान टायर रस्त्यावर नीट न टेकता घसरत झिजतो. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा. पावसात पकड वाढेल या समजुतीने हवा कमी करणे घातक आहे, कारण दाब कमी झाला की टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेगही कमी होतो.

रिमोल्ड टायर : झिजलेल्या टायरच्या सुस्थितीतील सांगाड्यावर रबराचा नवा थर चढवितात. गरम साच्यात थर चढविणे किंवा आधीच नक्षी पाडलेली पट्टी चिकटविणे या दोन पद्धती प्रचलित आहेत. चांगल्या सांगाड्यावर काळजीपूर्वक केलेला रिमोल्ड ट्रेलरसाठी पूर्णपणे झिजलेल्या मूळ टायरपेक्षा पावसात निश्चितच चांगला असतो. सांगाड्यात कापल्याच्या जागेतून पाणी शिरले असल्यास पोलादी तारा गंजतात व थर सुटून येतो. म्हणून थर चढविण्यापूर्वी सांगाडा तपासणे व वाळविणे आवश्यक असते. पुढील आसावर रिमोल्ड टायर न वापरण्याचा प्रघात आहे.

हिमासाठी टायर : काश्मीर व हिमाचल प्रदेश येथील सफरचंदे शरद ऋतूत मालमोटारींनी तुर्भे येथील फळबाजारात येतात. हंगामाच्या अखेरीस, नोव्हेंबरमध्ये, बनिहाल परिसरात लवकर हिम पडल्यास या मालमोटारी अडकून पडतात. त्यामुळे नवी मुंबईतील वाहतूकदारांचाही हिमाशी संबंध येतो.

हिमावर खाचांचे कार्य पावसातील कार्याच्या उलट असते. पाणी बाहेर टाकावयाचे असते, तर हिम खाचांत दाबून धरावयाचे असते. कारण खाचेतील दाबलेले हिम व रस्त्यावरील हिम एकमेकांना चिकटून पकड देतात. म्हणून हिवाळी टायरवर गट्टू असतात व त्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. सुमारे ७° से.च्या खाली सामान्य रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवितात. अशा टायरवर तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असते. हे टायर कोकणच्या उष्णतेत व काँक्रीटवर झपाट्याने झिजतात. त्यामुळे वर्षातून एखाद-दोन फेऱ्या उत्तरेकडे करणाऱ्या मालमोटारीने पुरेशा खोल खाचांचे नेहमीचे टायर व सोबत चाकांना बांधावयाच्या साखळ्या ठेवणे व्यवहार्य ठरते. गुळगुळीत बर्फावर टायरपेक्षा साखळीच उपयोगी पडते.

जर्मनीत हिवाळी परिस्थितीत अवजड वाहनांच्या कायम ओढणाऱ्या आसांवर व १ जुलै २०२० पासून पुढील आसावरही असे टायर बंधनकारक आहेत. ट्रेलरला मात्र ही सक्ती नाही. ट्रेलरची उपेक्षा केवळ भारतातच होते असे नाही.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार दुचाकी व तीनचाकी सोडून इतर वाहनांच्या टायरच्या खाचांची खोली १·६ मिमी.पेक्षा कमी असता कामा नये. अमेरिकेत मालमोटारीच्या पुढील चाकांसाठी ही मर्यादा ३·२ मिमी. व इतर चाकांसाठी १·६ मिमी. आहे. ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान पातळी भारतात २०२२ मधील अधिसूचनेने ठरविण्यात आली. नव्या रचनेच्या टायरांना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. ती नव्या टायरची पातळी आहे. वापरातील टायरची पकड झिजेबरोबर घटत जाते. कायद्यातील १·६ मिमी. ही खोली टायर बाद करण्याची शेवटची मर्यादा असून पावसाळ्यासाठी पुरेशी खोली नव्हे. मे महिन्यातच सर्व आसांवरील खाचा मोजून ४ मिमी.पेक्षा कमी खोली उरलेले टायर पावसाळ्यापूर्वी बदलणे इष्ट असते. ही मोजणी ट्रेलरच्या आसांपासून सुरू करावी. आतल्या बाजूचे टायर सहज दिसत नसल्याने ते वेगळे तपासावेत, तसेच सुटे टायरही त्याच कसोटीस लावावेत.