त्याग, फितुरी आणि शेवटचा भाग

दूरदर्शनसंचावर एखाद्या रहस्यमालिकेचा शेवटचा भाग लागला म्हणजे घरातली मंडळी जेवणाची ताटे घेऊनच समोर बसतात. आता कोणी तरी दुसऱ्यासाठी प्राण देणार आणि सर्वांत भरवशाचा गडी फितूर निघणार, हे बहुधा सर्वांना ठाऊक असते. तरीही आपण पाहतो. कारण त्याग कशाला म्हणावे आणि फितुरी कशाला, हे कोडे आपल्या स्वतःच्या संसारातही सुटलेले नसते.

या कोड्याचा खरा नमुना पाहावयाचा तर पुण्याकडे वळावे लागेल. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेल्या जुलमाने शहर संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर व बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर गोळी झाडली. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. ब्रुइन या पोलिस अधिकाऱ्याने तपास चालविला. पण धागा हाती आला तो चापेकरांच्या ओळखीतल्या द्रविड बंधूंकडून. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर फासावर गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये धाकटे वासुदेव व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण यांनाही फाशी झाली. एका घरातले तिघे भाऊ! याच घटनेवर नचिकेत व जयू पटवर्धन यांनी १९७९ साली चित्रपट काढला.

मग निवाडा कसा करावयाचा? आमची कसोटी साधी आहे. स्वतःचे देणे म्हणजे त्याग. दुसऱ्याचे विकणे म्हणजे फितुरी. द्रविडांनी विकला तो दुसऱ्याचा जीव. चापेकरांनी दिला तो स्वतःचा. परंतु कसोटी लावायची तर ती दोन्ही बाजूंना लावली पाहिजे. त्या रात्री आयर्स्टही मेला. तिघा तरुणांच्या मागे राहिलेल्या बायकांना कोणी विचारले होते? त्यागाच्या हिशेबात हाही आकडा मांडावा लागतो. तो मांडल्याने त्याग लहान होत नाही, खरा होतो.

कोणी म्हणेल, बिभीषणाचे काय? त्यानेही पक्ष सोडलाच. खरे, पण त्याने आधी भरसभेत रावणाला तोंडावर सुनावले, मग लंका सोडली. मतभेद उजेडात बोलतो, फितुरी अंधारात मोल ठरविते. आणि कर्ण? आपले पांडव कोण हे कळल्यावरही तो खाल्ल्या मिठाला जागला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे हा धडा कारखान्याच्या फाटकावर शिकलो. संप फुटतो तेव्हा मालकाच्या कानाला लागलेल्या माणसावर सारे तुटून पडतात. त्याने साथीदारांची नावे दिली असतील तर तो फितूर खराच. पण पोर तापाने फणफणले म्हणून जो खाली मान घालून कामावर गेला, त्याला त्याच मापाने मोजू नये. तो हरला, त्याने कोणाला विकले नाही. आणि व्यासपीठावरून 'त्याग करा' म्हणणाऱ्या पुढाऱ्यालाही विचारावे : यात तुझ्या घरचे किती, आणि दुसऱ्याच्या चुलीवरचे किती?

रहस्यमालिका 'कोणी केले?' एवढे सांगून संपते. 'किंमत कोणी मोजली?' हा तपास मात्र मंडळी, आपला आपणच करावयाचा असतो.