कार्ड काढता येतं का?

आपल्या सावद्याकडे केळीचा नवा वाण करून बघायचा तर शेतकरी आधी चार ओळी लावतो, उभी बाग मोडत नाही. आज तोच हिशोब एका यंत्रावरून बघू.

अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१० मध्ये ‘नूक कलर’ हा ७ इंची ई-रीडर आणला. किंमत २४९ डॉलर. आत अँड्रॉइडच, पण पुस्तकांपुरतं बांधून ठेवलेलं. मात्र चालू होताना तो आधी मेमरी कार्ड तपासायचा, मग आतली मेमरी. हौशी लोकांनी हेच हेरलं. कार्डावर सायनोजेनमॉड ही सिस्टीम टाकली, की ई-रीडरचा टॅबलेट! कार्ड काढलं, की पुन्हा जसाच्या तसा ई-रीडर.

पण सायनोजेनमॉड डिसेंबर २०१६ मध्ये बंद झालं. अपडेट नाही म्हणजे सुरक्षा नाही. अशा यंत्रावर दुकानाची रेटलिस्ट खुशाल दाखवा. यूपीआय, बँक, ग्राहकांचे नंबर मात्र अजिबात नको.

धंद्यात नवी लाइन सुरू करताना हेच विचारा: जमलं नाही तर ‘कार्ड’ काढून चालू दुकान तसंच राहील ना? उत्तर ‘हो’ असेल, तरच पैसा घाला.