पदकाची नोंद आणि दोन पेडगावे

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार ज्या गावाने मराठीला दिला ते पेडगाव भीमेच्या तीरावरचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे होय; आणि मनमाडहून परभणीकडे येणाऱ्या, निझामी अमलात टाकलेल्या लोहमार्गावर परभणीच्या थोडे अलीकडे ज्याच्या नावाची पाटी गाडीच्या खिडकीतून दिसते, ते पेडगाव अगदी वेगळे. एका नावाची दोन गावे असणे ही महाराष्ट्रात नवलाची गोष्ट नव्हे, आणि टपालखाते त्याला केव्हाच सरावले आहे. परंतु तेच नाव जेव्हा एखाद्या शिपायाच्या सेवापटात इंग्रजी अक्षरांत, तालुक्याविना नोंदले गेलेले असते, आणि त्या शिपायाने पन्नास वर्षांपूर्वी मिळवलेले पदक दफ्तरी त्याच्या नावावर रुजू आहे की नाही याची शहानिशा करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा हा साधा भूगोल एकाएकी महत्त्वाचा होऊन बसतो.

समजा, परभणीच्या पेडगावचा एक तरुण चीनच्या आक्रमणानंतरच्या भरतीत फौजेत दाखल झाला, १९६५ व १९७१ ही दोन्ही युद्धे त्याने अंगावर झेलली, आणि पंधरा-सोळा वर्षांची नोकरी पुरी करून हवालदार होऊन तो घरी आला. पेटीच्या तळाशी चार-पाच पदके, फितींचे रंग विटलेले, आणि त्यांच्याशेजारी ‘डिस्चार्ज बुक’ नावाची एक पुस्तिका, जी इंग्रजीत असल्यामुळे त्याने कधी नीट वाचली नाही आणि जिच्यावाचून त्याचे काही अडलेही नाही. पुढे एखादे दिवशी नातू ती उघडतो व पदकांचा रकाना वाचतो, तो पेटीतल्या पदकांपेक्षा रकान्यातली नावे कमी. किंवा याच्या उलट, रकान्यात नाव आहे आणि पदक घरी कधी आलेच नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी फौजेच्या लिखापढीचा जाबता थोडा पाहिला पाहिजे. शिपायाच्या सेवेत जे जे घडते, बदली, बढती, रजा, जखम, विवाह, पदक, ते त्याची पलटण ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या हुकमात छापते. तो हुकूम त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, ज्याला सारे फौजी सरसकट ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणतात, रवाना होतो. आणि तेथील कारकून त्यावरून शिपायाच्या ‘शीट रोल’मध्ये, म्हणजे सेवापटात, नोंद करतो. या साखळीतली एक कडी निसटली, पलटण आघाडीवर असताना हुकूम छापायचा राहिला, किंवा शिपाई जखमी होऊन इस्पितळात व तेथून दुसऱ्याच तुकडीत गेला, की घडलेली गोष्ट घडूनही न घडल्यासारखी होते. शिवाय मोहिमांची पदके युद्ध संपल्यावर काही काळाने जाहीर होतात व पात्रतेच्या याद्या त्याहून मागाहून तयार होतात. तोवर मूळचा गडी कदाचित घरी परतून ज्वारीच्या कणसांवरची पाखरे हाकीत असतो.

येथे सामान्य वाचकाच्या मनातला एक घोटाळा दूर केला पाहिजे. परमवीर, महावीर व वीर ही चक्रे, जी २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन होऊन १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली, ती पराक्रमाची; ती कोणाला द्यावीत हे वरिष्ठांच्या शिफारशीने व राष्ट्रपतींच्या संमतीने ठरते, व त्यांच्यावर कोणाचा हक्क म्हणून दावा चालत नाही. याउलट १९६५ चा समर सेवा तारा व रक्षा पदक, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी तारे आणि संग्राम पदक, नऊ व वीस वर्षांच्या सेवेची पदके, शत्रूच्या प्रत्यक्ष माऱ्याने झालेल्या जखमेबद्दलचे पदक, ही सारी ठरावीक अटी पुऱ्या केल्या की मिळावयाची; तारा रणक्षेत्रात हजर असणाऱ्यास आणि पदक त्या काळी फौजेच्या पटावर असणाऱ्यास, असा साधारण भेद. अभिलेखाची दुरुस्ती बव्हंशी या दुसऱ्या प्रकारात मागता येते, कारण तेथे प्रश्न शौर्याचे मोल करण्याचा नसून हजेरीचा असतो. पहिल्या प्रकारात दुरुस्ती मागता येते ती एवढीच की, राजपत्रात जाहीर झालेले पदक सेवापटात किंवा पेन्शनच्या आदेशात उतरलेले नाही. आणि तेथे ती मागणे निव्वळ मानाची बाब राहत नाही. २०१७ पासूनच्या दरांनुसार वीरचक्रास दरमहा ७,००० व शौर्यासाठीच्या सेना पदकास २,००० रुपये मिळतात, आणि पदकधारकामागे ही रक्कम त्याच्या विधवेकडे जाते. ही रीत आपल्याकडे नवी नव्हे; सभासदाने बखरीत लिहून ठेवले आहे की, अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले व पडलेल्यांच्या बायकांची तरतूद केली. जखम पाहून द्यावयाचे तर ती पाहणारा व मांडून ठेवणारा कोणीतरी कारकून लागतोच. मराठी दौलतीत तो होता, आणि म्हणूनच ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली.

चुकांचे मोठे आगर म्हणजे नाव. इटलीतील सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे निमजचे शिपाई नामदेव जाधव, ज्यांच्या कीर्तीविषयी संशय घेण्याचे कारण नाही, त्यांचेही आडनाव इंग्रजी याद्यांत कुठे ‘जादव’, कुठे ‘जाधाव’, कुठे ‘जाधव’ असे फिरते. मग मराठवाड्यातल्या गड्याची कथा काय सांगावी! १९४८ पर्यंत येथील सरकारी व्यवहार उर्दूचा. म्हणजे नाव मराठी तोंडातून उर्दू लिपीत आणि तेथून इंग्रजी लिपीत जाणार, व प्रत्येक उंबरठ्यावर काहीतरी सांडणार. पेडगावातला ‘ड’ उर्दूत ‘ड़’ झाला आणि इंग्रजीत ‘र’ होऊन बसला, तर ‘परगाव’ नावाच्या गावाचा शोध घेत कारकून बसेल. त्यातच राज्य बदलत गेले: आधी हैदराबाद संस्थान, नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि १९९९ साली परभणीतून हिंगोली निराळी निघाली. एकाच माणसाच्या एकाच घराचे चार पत्ते होऊ शकतात, आणि चारही खरे!

हिंगोलीचे नाव निघालेच आहे, तर थोडे आडवळण घेतो. निझामाच्या खर्चाने पोसलेली परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची जी ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौज होती, तिची एक छावणी हिंगोलीस होती. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, १९२२ साली तिच्या पलटणींची ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ बनली, आणि १९४५ साली तिचे नाव बदलून ‘कुमाऊं’ ठेवण्यात आले. ज्या ४ कुमाऊंचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला पडले व देशाचे पहिले परमवीरचक्र ज्यांना लाभले, त्या पलटणीचे मूळ वऱ्हाडातील अचलपूरच्या नबाबाच्या फौजेत आहे. या वंशावळीचा व्यवहारातला अर्थ असा की, आजोबांच्या जीर्ण कागदावर ‘हैदराबाद रेजिमेंट’ असे वाचून नातवाने हैदराबादेस अर्ज पाठवला, तर तो व्यर्थ. त्याची वाट हिमालयाच्या कुशीतल्या राणीखेतला जाते. मराठा पलटणीचे दफ्तर बेळगावास, महार पलटणीचे मध्य प्रदेशातील सागरला, मुंबई सॅपर्सचे खडकीस, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि रणगाडा दळाचे अहिल्यानगरास. या शेवटच्या ठिकाणी तर आमच्या पेडगावकराने विशेष जपून राहावे, कारण तेथल्या कारकुनाच्या डोळ्यापुढे ‘पेडगाव’ म्हणताच त्याच्याच जिल्ह्यातले, भीमेकाठचे पेडगाव उभे राहणार, यात त्या बिचाऱ्याचा दोष तो काय?

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते व कळली की फार लागते. ज्याला पेन्शन लागू झाले नाही अशा शिपायाचे सेवाविषयक कागद नियमानुसार २५ वर्षे ठेवून नंतर नष्ट केले जातात, आणि मागे उरतो तो ‘लाँग रोल’ नावाचा एक पट, ज्यात नाव, क्रमांक, भरती व सेवामुक्ती यांच्या त्रोटक नोंदी असतात. ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले की कुटुंबाला वाटते, दफ्तरवाले वेड पांघरून बसले आहेत; वस्तुतः ते उत्तर बहुधा खरेच असते, आणि मग पुराव्याचा सारा भार घरातल्या पेटीवर येऊन पडतो. अशा वेळी पदकच स्वतःची साक्ष देते. हिंदी शिपायांच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरण्याची वहिवाट आहे. भिंगाखाली धरलेली ती कड अनेकदा डिस्चार्ज बुकापेक्षा अधिक बोलते. इस्पितळाचा दाखला, जखमेची घरी आलेली तार, आघाडीवरून आलेली पत्रे, हे सारे समकालीन असल्यामुळे मोलाचे. आज दहा साक्षीदारांनी केलेले प्रतिज्ञापत्र त्यापुढे फिके. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या, तेव्हा तेथील सरकारलाही पगारपत्रके व इस्पितळांच्या वह्या जुळवून माणसांचा पूर्वेतिहास पुन्हा उभा करावा लागला. त्या देशात १९४६ च्या कायद्यान्वये केवळ अभिलेख दुरुस्त करण्यासाठी नागरी सभासदांची मंडळे नेमलेली आहेत. आपल्याकडे असे एक दार नाही. एकामागून एक दारे आहेत.

त्यांतले पहिले परभणीचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जेथे अर्ज लिहून मिळतो व योग्य दफ्तराचा पत्ता कळतो. दुसरे रेकॉर्ड ऑफिस. तेथून उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करून आपल्या शीट रोलची नक्कल मागावी; ३० दिवसांची मुदत असल्यामुळे निदान दफ्तरात काय आहे व काय नाही, हे तरी उजेडात येते. दुरुस्ती मागण्याआधी नक्कल मागावी, हे माझे मत. अनेकजण उलट करतात आणि जे दफ्तरात आधीच नीट लिहिलेले आहे त्याच्यासाठी वर्षानुवर्षे भांडत राहतात. शेवटचे दार सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे, जे २००७ च्या कायद्याने निर्माण झाले, २००९ पासून चालू आहे, आणि ज्याचे एक पीठ मुंबईत आहे. तेथे जाण्यापूर्वी खात्यातले मार्ग संपवलेले असावे लागतात, आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जावे लागते, जरी सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. कारगिलच्या युद्धात बटालिक भागात ७० व्या ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंह याच न्यायाधिकरणापुढे गेले होते. आपल्या कामगिरीचे वरिष्ठांनी केलेले वर्णन वस्तुस्थितीला धरून नाही, ही त्यांची तक्रार २०१० साली ग्राह्य ठरली. ब्रिगेडियरलाही आपली नोंद नीट व्हावी म्हणून जवळजवळ एक तप झगडावे लागते, ही गोष्ट पेडगावच्या हवालदाराला धीर देणारी की धीर खचवणारी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण अनेकजण याच ओघात देतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले, पद्मश्री २०१८ साली आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ च्या आरंभी जाहीर झाला. परंतु त्यांची नोंद कधी चुकलेली नव्हती. चुकला तो सन्मान, आणि सन्मानाच्या चुकीला अर्जाचा नमुना नाही.

नोंदीच्या चुकीला मात्र आहे. अर्जात सेवाक्रमांक पहिल्या ओळीत यावा, कारण नाव बदलते पण तो बदलत नाही. मग हुद्दा, पलटण, भरतीची व सेवामुक्तीची तारीख. मग कोणते पदक, कोणत्या मोहिमेचे, त्या काळी तुकडी कोठे होती. सोबत पुराव्यांच्या साक्षांकित नकला, अस्सल कागद कधीही नव्हे. आणि खाली पत्ता लिहिताना गावाच्या नावावर न थांबता लिहावे: मौजे पेडगाव, तालुका परभणी, जिल्हा परभणी, पूर्वीचे हैदराबाद संस्थान.