नाताळच्या कुकीज आणि सुक्या मेव्याची दुसरी बाजू

डिसेंबर उजाडला की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बाई वसईची असते, वांद्र्याची असते, कधी घरी नाताळ नसूनही मुलांच्या हट्टापायी ओव्हन घेतलेली असते. "डॉक्टर, काजू-बेदाण्याच्या कुकीज पंधरा दिवस आधी करून ठेवल्या तर चालतील का?" चालतील. पण त्यातल्या काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी करून ठेवणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीचा चिवडा, चकली, शंकरपाळे डब्यात पंधरा-वीस दिवस राहतात, गोव्यातल्या कलकल आणि नेवऱ्याही राहतात. कारण एकच. जिवाणू आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं. शास्त्रज्ञ हे पाणी शून्य ते एक अशा मापावर मोजतात. ताजा पाव त्यात ०.९५ च्या आसपास असतो, तर नीट भाजलेलं कोरडं बिस्किट ०.३ च्याही खाली. ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. साखर बेदाण्यातलं पाणी बांधून ठेवते, म्हणून बेदाणे ओलसर लागूनही टिकतात. पण तेच बेदाणे किंवा जर्दाळू रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवून, न निथळता पिठात घातले की हिशोब बदलतो. कुकी मऊ पडते आणि आठवडाभरात बुरशीचा ठिपका दिसू शकतो. ओलं खोबरं घातलेल्या बोलिन्यांचंही तसंच, पाणी किती आटवलं यावर त्यांचं टिकणं ठरतं. भाजलेल्या कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्या. कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

आता सुकामेवा. यात बिघडण्याचे प्रकार दोन, आणि दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. पहिला म्हणजे खवट होणं. अक्रोडात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं भरपूर असतात. तीच हृदयाला चांगली म्हणून आपण अक्रोड खातो आणि तीच हवेतल्या प्राणवायूने सगळ्यात लवकर बिघडतात. अक्रोडाला जुन्या तेलकट रंगासारखा वास आला की तो कुकीत घालू नये. साखर आणि दालचिनी तो वास झाकतात, चव मात्र मागाहून येतेच. बदाम, काजू त्या मानाने दमाने घेतात. अक्रोड फोडलेले असतील तर फ्रिजमध्ये ठेवावेत, एवढा साधा उपाय पुरतो.

दुसरा प्रकार बुरशीचा, आणि तो गंभीर आहे. दमट गोदामात पडलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर, कधी पिस्ते-बदामांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन यकृताच्या विषबाधेने शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हेच विष यकृताच्या कर्करोगाला कारण होतं, आणि हिपॅटायटिस-बी असलेल्यांना धोका कितीतरी पट वाढतो. ओव्हनच्या १७०-१८० अंशांत ते पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा दाणा निवडून फेकावा. सणाच्या आधी सुट्टा, स्वस्त तुकडा काजू घेताना मी स्वतः दुकानदाराकडे दोन दाणे मागून चावून बघतो. लोक हसतात, हसू द्या.

लोण्याऐवजी वनस्पती तूप घालण्याची सवय अजून आहे. २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकं भय नाही. तरी घरच्या लोण्याची चव वेगळीच.

कच्चं पीठ मळून ठेवायचं असेल तर त्याची बटर पेपरमध्ये वळकटी करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवता येते. दोन महिने चांगली राहते, हवी तेव्हा काप काढून भाजायची. पूर्वी दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन बेकरीवर जायचो, त्या मानाने हे फारच सोयीचं. पण भांड्याला लागलेलं गोड पीठ मुलांना चाटायला देऊ नका. अंडं नाही म्हणून धोका नाही, असं बहुतेकांना वाटतं. पण मैदा हे कच्चं धान्यच आहे, दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २००९ मध्ये कच्च्या कुकी-पिठामुळे आणि २०१६ मध्ये मैद्यामुळेच ई-कोलायच्या साथी झाल्या. हा विशिष्ट ई-कोलाय लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. फ्रीजरची थंडी त्याला झोपवते, मारत नाही.

खाणाऱ्यांपैकी काहींनी हिशोब करावा. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बेदाणे-खजूर आणि ७५ ग्रॅम सुकामेवा यांच्या साधारण तीस कुकीज होतात. एकेकीत जवळपास १०० कॅलरी आणि १२ ग्रॅम कर्बोदकं. दोन खाल्ल्या की एका पोळीहून थोडी जास्तच कर्बोदकं झाली. मधुमेह असलेल्याने त्या जेवणातली एक पोळी कमी करून दोन कुकीज खाव्यात, नाही तर खाऊ नयेत. साखर काढून खजूर घातला म्हणजे मधुमेहींची कुकी झाली, हे खरं नाही, खजूर हीसुद्धा साखरच. डायलिसिसवर असलेल्यांचं वेगळं. बेदाणे, खजूर आणि विशेषतः जर्दाळू यांत पोटॅशियम खूप असतं. रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. त्यांच्यासाठी फळं न घालता वेगळा घाणा काढावा. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी रममध्ये भिजवलेल्या फळांपासून लांब राहावं. भाजताना सगळा अल्कोहोल उडून जातो, ही समजूत चुकीची आहे.

ज्या गोष्टीची मला सर्वात काळजी वाटते ती मात्र अगदी साधी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खा काजू, बदाम किंवा शेंगदाणा असलेली कुकी. या वयात मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, मूल धावता धावता खातं, हसतं, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. बहुधा तो उजव्या बाजूला उतरतो, कारण उजवी नळी जास्त रुंद आणि सरळ असते. जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो, आणि मग मूल एकदम शांत होतं. घरचे म्हणतात, गेलं वाटतं पोटात. गेलेलं नसतं. दाणा ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीला सूज येते. काही दिवसांनी खोकला, ताप, एकाच बाजूच्या छातीत शिट्टीसारखा आवाज. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, म्हणून न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात. शेवटी भूल देऊन दुर्बिणीने तो काढावा लागतो. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ठसक्याची गोष्ट आपणहून सांगा, दोन आठवड्यांपूर्वीची असली तरी.

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर थांबायचं नाही. वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली करून हातावर पालथं धरायचं, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या मुलाच्या मागे उभं राहून बेंबीच्या वर आत-वर झटके द्यायचे, आणि दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. लहानांच्या कुकीजमध्ये सुकामेवा मिक्सरमधून बारीक पूड करून घालावा आणि त्यांचा डबा निराळा ठेवावा.